सगळ्यांना एकच टोपी
सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेत एक जण कार्पेट एरियाचे आकडे मांडतो, दुसरा बिल्डरच्या नावानं बोटं मोडतो, तिसरा 'आमचं कोण ऐकतंय' म्हणून गप्प बसतो. माल्टात जन्मलेले डॉक्टर एडवर्ड डी बोनो यांनी १९८५च्या पुस्तकात अशा सभांना उपयोगी पडेल अशी सहा टोप्यांची पद्धत मांडली: एका वेळी सगळ्यांनी एकाच रंगाची, मनातल्या मनात, टोपी घालायची. पांढरी असताना फक्त माहिती, काळी असताना फक्त धोके. मला सर्वांत मोलाची वाटते ती लाल. तिच्यात भावना सांगायची, कारण द्यायचं नाही. तळमजल्यावरच्या आजींना 'मला भीती वाटते' एवढंच म्हणता येतं आणि कोणी लगेच खोडून काढत नाही. काळ्या टोपीच्या फेरीत तर बिल्डरची बाजू घेणाऱ्यालाही विचारावंच लागतं, बिल्डरकडून मिळणारं पर्यायी घराचं भाडं मध्येच थांबलं तर बँक गॅरंटी कितीची आहे?