मोघम देयकांचा भुर्दंड

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड या परिसरात गियाँ-बारे विकाराचा उद्रेक झाला, तेव्हा रुग्णांच्या जिवाइतकाच त्यांच्या कुटुंबीयांच्या पुंजीचाही प्रश्न उभा राहिला. शासनाने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील या आजाराची मर्यादा ८० हजारांवरून १ लाख ६० हजार रुपये केली. ही तत्परता स्तुत्यच होय. परंतु मदतीचा रुपया रुग्णापर्यंत पोचतो तो कागदाच्या वाटेने.

नेमकी तेथेच मेख आहे. मज्जातंतूतून विद्युत्संदेश किती वेगाने वाहतो हे पाहणारी चाचणी निराळी आणि स्नायूत सुई घालून करावयाची चाचणी निराळी. पहिल्या आठवड्यात तंतूंची चाचणी निर्दोष येऊ शकते; म्हणून ती पुन्हा करावी लागते. देयकात मात्र या साऱ्याची ‘न्यूरो तपासणी’ अशी मोघम नोंद झाली आणि विमा कंपनीने पुनर्तपासणीला द्विरुक्ती ठरविले, तर दोष कोणाला द्यावयाचा? उलट, एकाच तपासणीची आकारणी दोनदा झाली तरी ती कोणाच्या ध्यानी येणार?

तेव्हा प्रत्येक देयकावर चाचणीचे नाव, तारीख, तपासलेल्या तंतूंची संख्या, पुनर्तपासणीचे कारण आणि आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील आजाराचा संकेतांक (या विकारासाठी जी ६१.०) असलाच पाहिजे. २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांनी दरपत्रक लावणे बंधनकारक केले. पण देयकच अबोल असेल, तर भिंतीवरचे दरपत्रक रुग्णाच्या काय कामाचे?