पहाटेचे पाणी, दुपारची हवा

मुदखेडला पौषातली पहाट बोचरी असते. जंक्शनवर गाडीची शिट्टी होते आणि आमच्या घरी दर्शनाआधीच्या स्नानाची घाई सुरू होते. तांब्याचा बंब माळ्यावर गेला. गच्चीवर हीट पंप आणि २०० लिटरची टाकी आली. विजेचा खर्च तिसऱ्या हिश्श्यावर येईल, असे चिरंजीवांचे आश्वासन होते. जानेवारीचे बिल मात्र ३०० युनिटांची पायरी ओलांडून आले. बाबूजी एवढेच म्हणाले, “बंब लाकूड खात असे, पण सांगून खात असे.” बापलेकांत दोन दिवस अबोला राहिला.

वाद मिटवला तो सूनबाईंनी. रोजमेळाच्या मागच्या पानावर त्यांनी आठ दिवस मीटरचे आकडे टिपले. पाण्यासाठी रोज साडेचार युनिटांच्या वर वीज जात होती. खरे तर २०० लिटर पाणी २० अंशांवरून ५० वर नेण्यास सुमारे ७ युनिटांची उष्णता लागते. हीट पंप ती निर्माण करीत नाही. बाहेरच्या हवेतून ओढून पाण्यात सोडतो. लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ मध्येच मांडलेले हे तत्त्व. व्यापाऱ्याच्या भाषेत, माल फुकटचा, आपण द्यायची ती केवळ हमाली, म्हणजे अडीच युनिटांच्या आसपास. टाकीतली विजेची कॉइल मात्र संपूर्ण माल रोखीने घेते : एका युनिटाच्या मोबदल्यात एकाच युनिटाची उष्णता.

ती कॉइल चालू का होत होती? आम्ही यंत्राला पहाटे साडेचारची वेळ दिली होती. एवढे पाणी तापवण्यास त्याला तीन तास लागतात. आम्हांला ते सहाला हवे होते. वेळ अपुरा दिसताच कॉइल आपोआप मदतीला येई. शिवाय पहाटेच्या गार हवेत पंपाचेही काम जड होते. शिकागोकडे राहणारे आपले आप्त घर उबदार ठेवण्यासाठी असाच पंप वापरतात. तिथे पारा शून्याखाली बराच उतरला की जोडीची विद्युत उष्णता घ्यावीच लागते. मराठवाड्यात तशी थंडी कुठली? आमची कॉइल चालत होती ती घाईमुळे.

आता यंत्र दुपारी एकला सुरू होते, हवा सर्वांत ऊबदार असते तेव्हा. टाकीला जाड आवरण आहे. पहाटेपर्यंत पाणी तीन-चार अंशच उतरते. कॉइलचे बटण बंद असते. पाहुणे आले तर, आणि आठवड्यातून एकदा टाकीतले जंतू मरावेत म्हणून पाणी ६० अंशांवर नेण्यापुरते ते उघडतो. (आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याने कॉइलवर क्षारांचा थर बसतो, तोही वेगळा ताप.)

उकळलेल्या पाण्याचा नियम असणाऱ्यांनी मात्र ध्यानात ठेवावे : हे यंत्र ६० अंशांच्या आसपास थांबते. त्याला उकळी म्हणता येणार नाही. पिण्याचे पाणी शेगडीवरच उकळावे.

फेब्रुवारीत रोजचा आकडा अडीचवर आला. सूनबाईंनी ते पान बाबूजींपुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावून बेरीज पुन्हा केली, मान हलवली आणि चिरंजीवांना चहाला हाक मारली. बंब मात्र त्यांनी अजून मोडीत काढू दिलेला नाही.