विश्लेषण : कढईतले जुने तेल नेमके कुणाला द्यायचे? मिरा-भाईंदरच्या खाऊगल्ल्यांना लागू असलेले नियम काय सांगतात?

मिरा रोड आणि भाईंदर स्थानकाबाहेर संध्याकाळी वडे, भजी, समोसे एकामागून एक कढईतून निघत असतात. काशिमिऱ्यात महामार्गालगतची हॉटेले रात्री उशिरापर्यंत सुरू असतात. कढई थंड झाल्यावर उरलेल्या काळपट तेलाचे काय होते, हे मात्र गिऱ्हाईक विचारत नाही. विचारायला हवे, कारण हे तेल टाकाऊ असले तरी फुकट नाही. त्याला भाव आहे आणि ते घ्यायला येणारा प्रत्येक जण त्याचे बायोडिझेलच करेल, याची खात्री नाही.

तेल ‘संपले’ हे कधी मानायचे?

तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्याचे विघटन होऊन ‘पोलर’ घटक वाढत जातात. त्यांचे एकूण प्रमाण, म्हणजेच टीपीसी, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल तळणासाठी वापरता येत नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची (एफएसएसएआय) ही मर्यादा १ जुलै २०१८ पासून लागू आहे. हातात मावणाऱ्या टीपीसी मीटरने हे प्रमाण जागेवरच मोजता येते. एकच तेल तीनपेक्षा जास्त वेळा वापरू नये, शक्यतो एकदाच वापरावे, असा प्राधिकरणाचा सल्ला आहे.

ही मर्यादा पंचतारांकित हॉटेलला आहे, तशीच हातगाडीलाही आहे.

मग नोंदवही कुणाला ठेवावी लागते?

खरी गोम इथे आहे. तळणासाठी रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल लागणाऱ्या व्यावसायिकांना १ मार्च २०१९ पासून नोंद ठेवणे बंधनकारक आहे. कोणते तेल किती घेतले, दिवसअखेर किती काढून टाकले, ते कधी आणि कोणत्या संस्थेने नेले, हे सगळे लिहायचे आणि तेल फक्त मान्यताप्राप्त संकलकालाच द्यायचे. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या निर्देशांचे पालन न केल्यास कायद्याच्या कलम ५५ नुसार दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता हिशेब करा. दिवसाला दहा-बारा लिटर तेल लागणाऱ्या पाच गाड्या एका गल्लीत असतील, तर मिळून त्या ५० लिटरची रेषा गाठतात किंवा ओलांडतात. नोंदवही मात्र एकीलाही लागू होत नाही. उपनगरातल्या तळणाचा मोठा भाग अशाच छोट्या कढयांत होतो. हॉटेलातून निघालेले जुने तेल स्वस्तात विकत घेणारे गिऱ्हाईकही इथेच सापडू शकते.

वाहतुकीचे काय?

इंजिन ऑइलसारख्या वापरलेल्या तेलासाठी २०१६ चे घातक कचरा नियम आहेत. पण त्यातली ‘वापरलेल्या तेला’ची व्याख्या कच्च्या तेलापासून बनलेल्या व कृत्रिम तेलांपुरती आहे. खाद्यतेल त्यात येत नाही. त्यामुळे तळणाच्या तेलाची साखळी मुख्यतः देणाऱ्याची नोंद आणि नेणाऱ्याची मान्यता, या दोन कागदांवर उभी आहे. टेम्पोत डबे चढवणाऱ्याकडे मान्यतेचे पत्र आहे का, पावती मिळते का, हे हॉटेलचालकानेच पाहायचे. जो पावती देत नाही आणि दर जास्त देतो, त्याच्यापासून सावध राहिलेले बरे.

या तेलाला मागणी का?

‘रुको’ हा उपक्रम ऑगस्ट २०१८ मध्ये सुरू झाला. वर्षभराने सरकारी तेल कंपन्यांनी १०० शहरांत अशा तेलापासून बनलेले बायोडिझेल घेण्याची तयारी दाखवली. पहिल्या वर्षाचा दर लिटरमागे ५१ रुपये होता. मिथेनॉलसोबत प्रक्रिया केली की तेलाचे बायोडिझेल होते आणि ग्लिसरीन वेगळे निघते. आता विमान इंधनाचीही भर पडली आहे : इंडियन ऑइलच्या पानिपत रिफायनरीला २०२५ मध्ये वापरलेल्या खाद्यतेलापासून विमान इंधन बनवण्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले.

म्हणजे कच्चा माल हवा आहे. अडचण आहे ती गोळा करण्याची. चार लिटरसाठी कुणी टेम्पो पाठवत नाही.

जबाबदारी कुणाची?

अन्न सुरक्षा कायद्याची अंमलबजावणी राज्याचे अन्न व औषध प्रशासन करते. कचरा आणि गटारे महापालिकेच्या अखत्यारीत येतात. तेल या दोघांच्या मधे सांडते. गटारात ओतलेले तेल थिजून वाहिन्या तुंबवते आणि वाहून गेलेले अखेर खाडीकडे जाते. त्याची सफाई महापालिकेच्याच खर्चाने होते. तेव्हा प्रभागनिहाय ठरलेल्या वारी, मान्यताप्राप्त संकलकामार्फत छोट्या विक्रेत्यांचे तेल एका ठिकाणी गोळा करणे पालिकेलाही परवडणारे आहे. त्यासाठी ५० लिटरची मर्यादा बदलण्याची वाट पाहावी लागत नाही.

घरातले उरलेले तेल सिंकमध्ये ओतू नये. ते बाटलीत साठवावे. सोसायटीने एकत्र जमवले, तर संकलकाला फेरी परवडू शकते. कढईतल्या तेलाला फेस येत असेल, ते काळे-चिकट झाले असेल आणि त्यातच तळण सुरू असेल, तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या क्रमांकावर किंवा ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ अॅपवर तक्रार करता येते. तक्रारीत दुकानाचा एफएसएसएआय क्रमांक जरूर लिहावा; हा क्रमांक बिलावर छापलेला असतो.