बाटलीआधी फिल्टर पाहा



इंजिन साफ करणारे औषध म्हणून पेट्रोल पंपावर बाटल्या मिळतात. गाडी ओढेना झाली, की आपण टाकीत बाटली ओततो आणि वर म्हणतो, "हे सगळं इथेनॉलमुळं!" आम्हांला हे पटत नाही.

आपल्या उसाचे इथेनॉल पेट्रोलमध्ये जाते. देशात हे प्रमाण २०२५ साली २० टक्क्यांवर पोहोचले. पण आपलाच माल म्हणून त्याचे दोष झाकायचे नाहीत. इथेनॉल ओलावा ओढून घेते. जुन्या टाकीतली चिकटलेली घाण ते सुटी करते, ती फिल्टरमध्ये अडकते. जुन्या गाड्यांचे रबरी भागही खराब होऊ शकतात. यावर बाटली हा इलाज नव्हे. फिल्टर बदला, नळ्या मिस्त्रीला दाखवा.

मग बाटली निव्वळ फसवणूक का? तसेही नाही. पॉलिइथर अमाइन हे द्रव्य पुरेसे असेल, तर इंजेक्टरवरचा थर खरोखर निघतो. पण काही नव्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. तिथे इनटेक व्हॉल्व्हला पेट्रोल लागतच नाही. मग टाकीतले औषध तिथवर पोचणार कसे? आणि पेट्रोलचे औषध डिझेलच्या ट्रॅक्टरात तर मुळीच ओतू नका.

तांबेरा आहे की लोकरी मावा, हे पाहिल्याशिवाय आपण उसावर फवारणी करतो का? मग गाडीचीच घाई कशाला? आधी दुखणे ओळखा, मग खिशात हात घाला.