रक्त कमी, उपदेश फार

"पोरी नीट खातच नाहीत!" वस्तीत किशोरी शिबिर घेतलं की हे वाक्य हमखास कानावर येतं. आरोग्यसेविका म्हणते, मास्तर म्हणतात, आई तर म्हणतेच. मग पालेभाज्या खा, गूळ-शेंगदाणे खा असं सांगून शिबिर संपतं.

मागच्या वेळी मी तक्ता गुंडाळून ठेवला आणि मुलींना एकच विचारलं, घरात मटण शिजलं तर कलेजी कोणाला? आधी हसल्या. मग एक म्हणाली, "दादाला आणि पप्पांना. आम्हाला रस्सा."

मैत्रिणींनो, लोह सर्वांत सहज अंगी लागतं ते कलेजी-मटणातलं. पालेभाजीतलं फार थोडं शोषलं जातं. वर लिंबू पिळलं तर जास्त, जेवणावर चहा घेतला तर आणखी कमी. आणि आपल्या मुली चहा-चपाती खाऊन शाळेत जातात.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तपांढरी निघाली. त्याच वयाच्या मुलग्यांत ३१ टक्के. पाळीत रक्त जातं, हे खरंच. मग जिचं रक्त जातं तिच्या ताटात जास्त नको पडायला?

मी काही वेगळी नव्हते. बैठकांतून समतेवर बोलायचे आणि घरी लेकीला माझ्याबरोबर सगळ्यात शेवटी जेवायला बसवायचे. जिना चढताना ती थांबायची, तर "आळशी झालीस" म्हणायचे. १२ हवं तिथे तिचं हिमोग्लोबिन ८.५ निघालं. ती सवय तिला सासरच्यांनी नाही, मी लावली.

सरकारी योजनेतली आठवड्याची लोहाची गोळी, वर्षातून दोनदा जंताचं औषध, हे हवंच. पण उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळतं, म्हणून मुली ती फेकून देतात. त्यावरही आपण मुलींनाच रागावतो. शालेय पोषण आहारात नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने आठवड्याला एक अंडं आणलं, जानेवारी २०२५ मध्ये त्याचे पैसे बंद केले. लोकवर्गणी काढा म्हणे! एकट्या अंड्याने रक्त वाढत नाही, मान्य. पण ते दादाच्या वाटणीला न जाता थेट मुलीच्या ताटात पडत होतं.

पुढचं शिबिर आम्ही बाप आणि भावांसाठी ठेवलं आहे. आतापर्यंत चौघे येतो म्हणालेत. त्यातल्या दोघांनी चहा आहे का, ते आधी विचारून घेतलं.