रंग बघू नका, बेड बघा
भूगावच्या आमच्या एका निवृत्त मित्राला गॅरेजमध्ये छोटा लेथ हवाय, म्हणून या आठवड्यात त्याच्याबरोबर भोसरीत जुन्या मशिनी बघत हिंडलो. पहिल्याच लेथला ऑइलपेंटचा वास येत होता. अशा वेळी मालकाचा चहा प्यावा आणि निघावं! लेथ झिजतो तो चकजवळ, कारण बहुतेक काम तिथेच होतं. कॅरेज टेलस्टॉककडे घट्ट आणि चकपाशी डुगडुगत असेल, तर बेड खाल्लेला आहे समजा. मोटर जळकी असली तरी बिघडत नाही, ती बदलता येते. थ्री फेज असली तर घरच्या सिंगल फेजवर ड्राइव्ह बसतो. पण चेंज गिअरांचा संच अपुरा असेल तर भाव निम्म्यावर आणा, नाहीतर आटे पाडताना रडाल. शेवटी एका कोपऱ्यात किर्लोस्करांनी १९४१मध्ये हरिहरला सुरू केलेल्या कारखान्यातला एक म्हातारा लेथ दिसला. रंग उडालेला, बेड सुरेख. पण हलवायला क्रेन हवी. मित्राला नेमका तोच आवडलाय. वहिनींना अजून सांगितलेलं नाही.