वाढत्या पायाचा बूट



जून जवळ आला की वह्या, दप्तरं आणि डब्यांच्या बरोबरीने एक प्रश्न हमखास निघतो. मुलांना शाळेचे बूट कुठले घ्यायचे, जे टिकतील आणि परवडतीलही? त्यावर कुणीतरी म्हणतंच, "चामड्याचे घेऊन टाका हो, तीन वर्षं बघायला नको. मुलांच्या बाबतीत काय एवढं!" चामडं वापरायचं नाही हे आपल्या बहुतेक घरांत लहानपणापासून ठरलेलं असतं. पर्स घेताना, पट्टा घेताना आपण चार वेळा उलटसुलट करून विचारतो. मुलांच्या बुटापाशीच नियम सैल पडतो, आणि कारण एकच सांगितलं जातं, टिकाऊपणा. धर्म घटकाभर बाजूला ठेवला तरी मला हा हिशेबच पटत नाही. तो आज मांडते.

आपल्याकडे बुटावर जो नंबर असतो तो बहुधा ब्रिटिश पद्धतीचा. एका नंबरचा फरक म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. पहिली ते चौथीतल्या मुलाचा पाय वर्षाला साधारण एक नंबर वाढतो, एखाद्याचा दीड. म्हणजे जूनमध्ये अंगठ्यापुढे एक बोट जागा ठेवून घेतलेला बूट पुढच्या उन्हाळ्यापर्यंत घट्ट होणारच. तो तीन वर्षं टिकला तरी घालणार कोण? आमच्या सांगलीत चामड्याचा बरा बूट १,५०० च्या आसपास जातो, चांगला सिंथेटिक ६०० च्या. दोन्ही पायात राहणार दहा महिने. एकाचे महिन्याला १५० पडले, दुसऱ्याचे ६०. मोठ्या माणसाच्या बुटाला टिकाऊपणाचं मोल आहे, कारण त्याचा पाय थांबलेला असतो. मुलाच्या बुटाने एक शाळेचं वर्ष धड काढलं की त्याचं काम झालं.

यावर आपल्या सासूबाईंचं, आजीचं उत्तर तयार असतं, "मग वाढत्या अंगाचा घे." फ्रॉकला हे चालतं. दुमडून टीप घालायची, पुढच्या वर्षी उसवायची. बुटाला दुमड नसते. दोन नंबर मोठा बूट घेऊन पुढे कापूस कोंबला की पाय आत पुढेमागे सरकतो, टाचेला फोड येतात आणि बूट निसटू नये म्हणून मूल बोटं आवळून चालायला लागतं. शिवाय असा बूट लवकर फाटतो. पाय चवड्यापाशी वाकतो, बूट मात्र भलत्याच जागी मोडतो आणि तिथेच रेक्झिनला चीर पडते. मूल पाय घासत चालतं म्हणून टाच झिजते ती वेगळीच. पैसे वाचवायला मोठा घेतलेला बूट मापाच्या बुटाच्या आधी मोचीकाकांकडे जातो, हे मी माझ्या दोन्ही जावांच्या घरी पाहिलंय.

पण आपण मोठा नंबर घेतो त्याला आणखी एक कारण असतं, आणि त्यात आपला दोष नाही. बूट लांबीला बरोबर असतो, पण चवड्यापाशी दाबतो. मूल "चावतोय" म्हणतं आणि दुकानदार एक नंबर वरचा काढतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने एक लाखाहून जास्त भारतीयांच्या पायांची मापं घेतली. त्यात आपले पाय युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा रुंद असल्याचं दिसलं, आणि त्यावरून आपल्यासाठी 'भा' नावाची वेगळी मापपद्धत सुचवण्यात आली. (चामड्याच्या संस्थेकडून आपल्या उपयोगाची गोष्ट मिळाली, घ्यायला काय हरकत आहे!) तेव्हा रुंदीला दाबणाऱ्या बुटाचा नंबर वाढवू नका, बूटच बदला. पुढून गोल, पसरट तोंडाचा मागा. निमुळता बूट कितीही देखणा असला तरी परत ठेवा.

माप संध्याकाळी घ्यायचं, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. शाळेचेच मोजे घालून मुलाला कागदावर उभं करा, टाच भिंतीला टेकवा आणि सगळ्यात लांब बोटापाशी रेघ मारा. दोन्ही पायांची मापं घ्या, बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो. त्या मोठ्या पायाला धरून बूट घ्यायचा. मूल शाळेत असताना अंदाजाने बूट आणणाऱ्या बाबांना हे आधी वाचायला द्या.

आता बुटाविषयी. अगदी स्वस्त, दोनशे-अडीचशेचा सबंध साच्यातला पीव्हीसीचा बूट मी सुचवत नाही. तो जड असतो, आत पाय उकडतो आणि थंडीत कडक होतो. शासनाने २०२३-२४ पासून सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोडी बूट आणि दोन जोड्या मोजे द्यायचं ठरवलं, तेव्हा मुलामागे १७० रुपये धरले होते. तेवढ्यात काय येतं हे बाजारात फिरणाऱ्या बाईला सांगायला नको. बूट हातात घेऊन वाकवून बघा. चवड्याच्या जागी वाकला पाहिजे, मधोमध घडी पडता कामा नये. टाचेचा मागचा भाग दाबून बघा, तो घट्ट हवा. आतून कापडी अस्तर हवं. सोल नुसता चिकटवलेला नसून कडेने शिवलेला असेल तर उत्तम. पीयूचा सोल हलका आणि मऊ असतो, मात्र सेल लागला म्हणून पुढच्या दोन वर्षांचे बूट आत्ताच घेऊन ठेवू नका. तो सोल नुसता कपाटात पडूनही काही वर्षांनी भुसभुशीत होतो.

"सिंथेटिक आहे" या दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका. वरून रेक्झिन आणि आतला पातळ तळवा मात्र चामड्याचा, असं महागड्या बुटांत असतं. काही बुटांवर छोटी चिन्हं छापलेली असतात. जनावराच्या पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडं, त्याच आकारात चौकट असेल तर वरून थर दिलेलं चामडं, विणीची जाळी म्हणजे कापड आणि नुसती पतंगासारखी चौकट म्हणजे इतर साहित्य. वरचा भाग, अस्तर आणि सोल, तिन्हींपुढची चिन्हं बघा.

सिंथेटिकमध्ये पायाला घाम येतो, ही तक्रार खरी आहे. सुती मोजे रोज बदलायचे, आणि शाळा चालवून घेत असेल तर काळे कॅनव्हासचे बूट घ्यायचे. "प्लास्टिकने काय कमी हिंसा होते?" असंही मला एका ताईंनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. म्हणून तर मापाचा एक काळा जोड, खेळाला एक पांढरा, आणि बास. वाढदिवसाला दिवे लागणारा तिसरा नको.

पावसाळ्यात खरी परीक्षा. भिजलेल्या बुटात जुनं वर्तमानपत्र कोंबा, तासाभराने बदला आणि रात्रभर पंख्याखाली ठेवा. शेगडीजवळ ठेवलात तर चिकटवलेला भाग सुटतो. ओला बूट तसाच राहिला की बुरशी येते, आणि बुरशीत अनंत जीव मानणाऱ्या आपण, ती धरल्यावर पुसत बसण्यापेक्षा धरूच दिली नाही तर बरं. सकाळी घालण्याआधी बूट हळूच उपडा करून झटकायची सवय मुलांना लावा. कोपऱ्यात मुंगी, कोळी असतो, तो वाचतो आणि मुलाचा पायही वाचतो.

राहिला शाळेचा प्रश्न. काही शाळांच्या यादीत सरळ 'लेदर शूज' छापलेलं असतं. माझ्या भाचीच्या शाळेतही होतं. वहिनी जाऊन बाईंना भेटल्या, तर बाई म्हणाल्या, "अहो, काळे आणि स्वच्छ असले की झालं, ती यादी वर्षानुवर्षं तशीच छापली जातेय." तेव्हा यादी बघून गप्प बसू नका, विचारा. चार आयांनी एकत्र जाऊन विचारलं तर पुढच्या वर्षी तो शब्द यादीतून निघेलही.

आणि बूट घेतले म्हणजे वर्षभराची निश्चिंती झाली, असं नाही. दशलक्षण पर्व आटोपलं की एकदा आणि दिवाळीची सुट्टी संपताना एकदा, मुलाला बूट घालून उभं करा आणि अंगठ्यापुढची जागा दाबून बघा. अर्ध्या बोटाहून कमी उरली असेल, तर परीक्षेपर्यंत ताणू नका.